गॅमा किरणांसाठी थ्रीडी प्रिंटेड शिल्डिंग: टंगस्टन फिलामेंट घ्यावं का?

फोंडा_फिजिक्स

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, इथेच गोव्यात, आणि प्रोजेक्टला थ्रीडी प्रिंटिंगने रेडिएशन शिल्डिंग हा विषय घेतलाय. आमच्या लॅबमध्ये दोन इंची सोडियम आयोडाइड डिटेक्टर आहे, त्याच्याभोवती रचायला शिशाच्या विटा आहेत, पण विटा चौकोनी आणि डिटेक्टर गोल, त्यामुळे मध्ये फटी राहतातच. शिवाय प्रत्येक बॅच त्या विटा उघड्या हातांनी उचलते आणि हात काळे करून घेते, हातमोजे कपाटात पडून असतात. हे मला बरेच दिवस खटकतंय. म्हणून डिटेक्टरवर बरोबर बसेल अशी एक कॉलर छापायचा विचार आहे, आतला व्यास ६ सेंमी, भिंत ३ सेंमी जाड, उंची १० सेंमी. सोर्स म्हणजे शिकवण्यासाठीच्या त्या छोट्या सीलबंद चकत्या, सीझियम-१३७ आणि कोबाल्ट-६०.

नेटवर टंगस्टनची पावडर भरलेलं पीएलए (एक प्लास्टिक) फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लावायची तार, दिसतंय, शिशाला पर्याय म्हणून विकतात. डिपार्टमेंटच्या साध्या प्रिंटरवर (पितळी नोझल, ०.४ चं) ते चालेल का? इन्फिल (आतली भरण) १०० टक्के ठेवलं की घट्ट भरीव निघतं का, की आत हवा राहते? आणि खरंच शिशाएवढं अडवतं का? गाइड म्हणतात आधी आकडे आण मग ऑर्डर देऊ. कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

म्हापसा_मेकर

भावा, प्रिंटिंगच्या बाजूचं मी सांगतो, किरणांचं इथले जाणकार सांगतील.

पितळी नोझलवर हे फिलामेंट घालू नकोस. टंगस्टनची पावडर पितळेला कानस मारल्यासारखी खाते, भोक रुंद होत जातं, धार जाड पडायला लागते आणि वरचे थर खडबडीत येतात, मग लोक सेटिंगमध्ये चूक शोधत बसतात. हार्डन्ड स्टीलचं नोझल घे आणि ०.४ ऐवजी ०.६ चं घे, तुंबायचं प्रमाण बरंच कमी होतं.

दुसरं, हे फिलामेंट अतिशय ठिसूळ. स्पूलवरून एक्स्ट्रूडरकडे जाताना जिथे वळण आहे तिथे टक् करून तुटतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरली की विचारूच नकोस. ड्रायरमध्ये ४५-५० डिग्रीला काही तास ठेवून मग गरम असतानाच लावायचं, स्पूल प्रिंटरच्या बरोबर वर ठेवायचा म्हणजे वळण कमी.

आता हवेचं. १०० टक्के इन्फिल लिहिलं तरी पूर्ण भरीव निघत नाही. नोझलमधून पडणारी रेघ कडेला गोलसर असते, दोन रेघा शेजारी बसल्या की मध्ये बारीक त्रिकोणी पोकळी राहते, आणि स्लायसरने (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) सगळ्या थरांत रेघा एकाच दिशेने टाकल्या तर त्या पोकळ्या एकाखाली एक येऊन सरळ बोगदा तयार होतो. म्हणून थरागणिक दिशा बदल, फ्लो दोन-तीन टक्के वाढव, आणि प्रत्येक तुकडा वजन करून बघ, वजन भागिले आकारमान, घनता लगेच कळते.

आणि ऑर्डर द्यायच्या आधी एक हिशेब कर. तुझ्या कॉलरचं आकारमान येतं साधारण ८५० घनसेंमी. हे फिलामेंट घनतेला ७.५ च्या आसपास धरलं तर एक किलोच्या स्पूलमध्ये माल जेमतेम १३३ घनसेंमी, साध्या पीएलएच्या किलोत ८०० च्या वर असतो. म्हणजे तुला सहाहून जास्त स्पूल लागणार, आणि या स्पूलचा भाव साध्याच्या कित्येक पट.

किरण_डिचोली

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, मूळची डिचोलीची, सध्या गोव्याबाहेर रेडिओथेरपी विभागात. विषय मनापासून आवडला म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी "शिशाएवढं अडवतं का" हा प्रश्न एनर्जी सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही. तुझा सीझियम ६६२ केईव्हीचा आहे (केईव्ही हे एनर्जीचं एकक, हजार केईव्ही म्हणजे १ एमईव्ही), कोबाल्टच्या दोन रेषा, ११७३ आणि १३३२ केईव्ही. या पट्ट्यात मुख्य खेळ कॉम्प्टन स्कॅटरिंगचा, म्हणजे फोटॉन इलेक्ट्रॉनांवर आपटतात, आणि ग्रॅममागे इलेक्ट्रॉन शिशात काय नि प्लास्टिकमध्ये काय, साधारण सारखेच. १ एमईव्हीला तर पाणी आणि शिसं ग्रॅममागे जवळजवळ सारखंच अडवतात, ०.०७ चौ. सेंमी प्रति ग्रॅम. तेव्हा इथे अणुक्रमांकाचा फारसा टेंभा नाही, सेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम कोंबता येतात एवढंच बघायचं. शुद्ध टंगस्टन १९.३, शिसं ११.३४, बिस्मथ ९.८, स्टील ७.८५, पीएलए १.२४.

आता ते फिलामेंट. जाहिरातीत "टंगस्टन नव्वद टक्के" लिहितात तो आकडा वजनाचा. घनता ७.५ यायची तर आकारमानाने टंगस्टन फक्त ३५ टक्के, उरलेलं ६५ टक्के प्लास्टिकच. त्यावरून मी हिशेब केला, अरुंद बीम धरून (म्हणजे भिंतीत विखुरलेले फोटॉन न मोजता), तुझ्या ३ सेंमी जाडीतून सीझियमचं किती पार जाईल: भरीव शिशातून २ टक्क्यांच्या थोडं वर, टंगस्टन फिलामेंटमधून ११-१२ टक्के, नुसत्या पीएलएमधून ७४ टक्के. कोबाल्टला भरीव शिशातून १३-१४ टक्के आणि फिलामेंटमधून २८ टक्के. म्हणजे सीझियमसाठी शिशाच्या बरोबरीला यायचं तर फिलामेंटची भिंत पावणेदोन पट जाड हवी, आणि भिंत जाड झाली की गोल कॉलरचं आकारमान त्याहून वेगाने वाढतं, खर्च तसाच.

म्हणून माझं स्पष्ट मत, शिल्डिंगचा माल प्रिंटरमधून काढायच्या मागे लागू नकोस, प्रिंटरकडून आकार घे. साध्या पीएलएची पोकळ कॉलर छाप आणि आत शिशाचे बारीक छर्रे भर. सारख्या आकाराचे गोल दाणे कसेही ओतले आणि हलवून बसवले की साधारण ६४ टक्के जागा भरतात, म्हणजे घनता ११.३४ गुणिले ०.६४, सव्वासातच्या आसपास. त्या महागड्या फिलामेंटच्या जवळपास तेवढीच! आणि उद्या डिटेक्टर बदलला तर छर्रे ओतून काढ नि नवीन खोका छाप. रेडिओथेरपीत हीच पद्धत वापरतात, इलेक्ट्रॉन बीमसाठी पेशंटच्या मापाचा साचा छापून आत टंगस्टनचे छोटे गोळे भरायचे. नाहीतर सेरोबेंड (कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू) वितळवून ओतावं लागतं, ज्यात शिसं आणि कॅडमियम दोन्ही असतं.

पण ही छर्ऱ्यांची युक्ती सगळीकडे चालत नाही. सीझियमच्या फोटॉनला २ मिमीचा एक छर्रा फारसा जाणवत नाही, त्यातून तीन चतुर्थांशाहून जास्त फोटॉन सरळ पुढे जातात, म्हणून छर्रे आणि मधली हवा यांची सरासरी धरून हिशेब जुळतो. टेक्नेशियम-९९एम च्या १४० केईव्हीला मात्र तोच छर्रा जवळजवळ अपारदर्शक, तिथे सगळी गळती दाण्यांमधल्या फटींतून होते आणि सरासरी घनतेचा हिशेब चक्क फसवतो. तिथे शिशाचा पत्रा किंवा टंगस्टन फिलामेंटच बरं, कारण त्यातली पावडर मायक्रॉनमधली असते. १४० केईव्हीला फिलामेंटची अर्धमूल्य जाडी (किरण निम्मे करणारी) अर्ध्या मिमीच्या आसपास येते, म्हणजे ५-६ मिमीत हजारातला एक उरतो. न्यूक्लियर मेडिसिनमधलं सिरिंजचं वगैरे आडव्या-तिडव्या आकाराचं शिल्ड करायचं असेल तर फिलामेंटचे पैसे वसूल होतात.

फोंडा_फिजिक्स

किरणताई, देव बरे करो, हा ३५ टक्क्यांचा हिशेब मी केलाच नव्हता. छर्ऱ्यांची कल्पना गाइडना दाखवतो. एक शंका: आमच्या शेजारी मासेमारीचं सामान ठेवणारे काका आहेत, त्यांच्याकडे जाळ्याला लावायची शिशाची वजनं ढिगाने मिळतात, ती वितळवून सरळ कॉलरच ओतली तर? ३२७ डिग्रीला तर वितळतं शिसं.

किरण_डिचोली

नको. घरी, परसात, गॅसवर किंवा चुलीवर शिसं वितळवायचंच नाही. वितळलेल्या शिशावर जी राखाडी साय येते ती शिशाचा ऑक्साइड, तिची पूड हवेत जाते, कपड्यांवर बसते, तिथून घरात. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि कुठलीही सुरक्षित पातळी माहीत नाही. शिवाय ओलसर साच्यात वितळलेलं शिसं ओतलं तर वाफ होऊन ते अंगावर उडतं. तुला लोकांच्या हातांना लागणारं शिसं कमी करायचं आहे ना, मग छर्रे एकदाच, हातमोजे घालून, ट्रेमध्ये ओत आणि खोका सील कर. त्यानंतर कुणाचा हातच लागणार नाही.

दंतवैद्य_मडगाव

मध्येच विचारते, माफ करा. दातांच्या एक्स-रेसाठी थायरॉइड कॉलर अशी छापून घेता येईल का? लहान मुलांना मोठ्यांची कॉलर नीट बसत नाही, सारखी सरकते.

किरण_डिचोली

डॉक्टर, पेशंटवर वापरायची गोष्ट असेल तर छापू नका. ॲप्रन आणि कॉलरवर लेड इक्विव्हॅलन्स (किती जाड शिशाइतकं अडवतं ते) लिहिलेलं असतं, ०.२५ मिमी, ०.५ मिमी असं, आणि ते ठरावीक व्होल्टेजला मोजून दिलेलं असतं. छापलेला कडक तुकडा वाकला की थरांमधून चिरतो आणि ती चीर डोळ्यांना दिसतही नाही. मुलांच्या मापाच्या तयार कॉलर मिळतात, त्या मागवा. छापायचंच असेल तर सेन्सर धरायचं होल्डर मुलांच्या मापाचं छापा, फोटो एकदाच नीट आला की दुसरा घ्यावा लागत नाही आणि डोस तिथेच वाचतो.

वास्को_बंदर

न्यूट्रॉनसाठी काय? तिथे शिसं कामाचं नाही असं वाचलंय.

किरण_डिचोली

बरोबर. वेगवान न्यूट्रॉनला आधी हळू करायचं, त्याला हायड्रोजन लागतो म्हणजे पॉलिथिन, पाणी, मेण. हळू झाला की बोरॉन-१० त्याला गिळतो, त्याचा थर्मल क्रॉस-सेक्शन (हळू न्यूट्रॉन गिळायच्या क्षमतेचं माप) ३८४० बार्न आहे आणि नैसर्गिक बोरॉनमध्ये तो २० टक्के असतो. गिळताना ४७८ केईव्हीचा गॅमा बाहेर पडतो, त्यासाठी मागे पुन्हा जड धातू. थ्रीडी प्रिंटिंगला हे क्षेत्र खरं तर गॅमापेक्षा जास्त अनुकूल, कारण इथे प्लास्टिक स्वतःच काम करतं. अडचण एवढीच की पॉलिथिन छापायला त्रासदायक, बेडला चिकटत नाही आणि कडा उचलतो, आणि बोरॉन कार्बाइड नोझल खायच्या बाबतीत टंगस्टनच्याही पुढे.

तसंच बीटा किरणांसाठी साधं पीएलएच योग्य. फॉस्फरस-३२ ला सेंटिमीटरभर प्लास्टिक पुरतं. तिथे आधी शिसं लावलं तर उलट ब्रेम्सस्ट्राहलुंगचे (इलेक्ट्रॉन एकदम मंदावल्यामुळे निघणारे) एक्स-रे तयार होतात.

म्हापसा_मेकर

ताईंचा छर्ऱ्यांचा मार्ग मलाही पटला, पण भावा, खोक्याच्या भिंती हिशेबात धर. आतून-बाहेरून २ मिमी भिंत दिलीस, तळ आणि झाकण धरलं, तर आत उरते ७०० घनसेंमीच्या आसपास जागा आणि छर्ऱ्यांची जाडी २.६ सेंमी. ताईंसारखाच हिशेब केला तर सीझियमचं पार जाणं १२ टक्क्यांच्या आसपास येतंय. म्हणजे भरीव फिलामेंटच्या बरोबरीलाच आलो.

आत ५ किलो माल राहणार, म्हणून लोक आत आधाराला आडव्या पट्ट्या देतात, त्या तू देऊ नकोस. केंद्रातून बाहेर जाणारी सरळ पट्टी म्हणजे किरणांना मोकळी वाट, नुसतं प्लास्टिक. द्यायचीच तर तिरकी दे. कॉलर दोन अर्ध्यांत छापणार असशील तर सांधा सपाट ठेवू नकोस, पायरीची खाच दे, म्हणजे एका बाजूने बघितलं तर पलीकडचा उजेड दिसता कामा नये. आणि पीएलए साठ डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, मे महिन्यात बंद गाडीत ठेवून कॉलेजात नेऊ नकोस.

जे खरोखर धातूचंच हवं असतं ते लेझरने टंगस्टनची पावडर वितळवून छापतात, सीटी स्कॅनरमधल्या अँटी-स्कॅटर ग्रिड आणि कॉलिमेटर तसे बनतात, पातळ भिंतींची जाळी, जी कापून बनवणं महाकठीण. पण टंगस्टन ३४२२ डिग्रीला वितळतं आणि थंड होताना त्याला बारीक भेगा पडतात, तो आपल्या आवाक्यातला खेळ नाही.

निवृत्त_मास्तर_पेडणे

मी बरीच वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. वरची चर्चा वाचून समाधान वाटलं, त्यात मोजणीबद्दल थोडी भर घालतो कारण प्रोजेक्टचा जीव तिथेच आहे.

बाळ, तुझ्याकडे स्पेक्ट्रम काढणारा डिटेक्टर आहे, तेव्हा नुसते एकूण काउंट घेऊ नकोस. फोटोपीकखालचं (पूर्ण एनर्जी देणाऱ्या फोटॉनांचा उंचवटा) क्षेत्रफळ आणि एकूण काउंट, दोन्ही लिही. जो फोटॉन भिंतीत आपटून, थोडी एनर्जी गमावून आत आला तो पीकमध्ये येत नाही पण एकूण काउंटमध्ये येतो. दोन्ही गुणोत्तरांतला फरक म्हणजेच बिल्डअप, आणि तो तुझ्या कॉलरमध्ये किती हे मोजून दाखवलंस तर प्रोजेक्टला वजन येईल. नुसतं सूत्रात आकडे घालून टक्केवारी काढणं कुणीही करेल.

आता पावसाचं. जूनपासून पुढे मोजणार असशील तर बॅकग्राउंड एकदा सकाळी घेऊन दिवसभर वजा करू नकोस. जोराची सर आली की हवेतल्या रेडॉनची पिलावळ, शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पावसाबरोबर जमिनीवर उतरते आणि गॅमा बॅकग्राउंड वाढतं. त्यांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटांची, त्यामुळे सर थांबल्यावर दोन-तीन तासांत ते पुन्हा खाली येतं. आणि बिस्मथ-२१४ ची मोठी रेषा ६०९ केईव्हीला आहे, तुझ्या ६६२ च्या अगदी शेजारी. सोडियम आयोडाइडचं रिझोल्यूशन (पीकची रुंदी) तिथे सात टक्क्यांच्या आसपास म्हणजे सेहेचाळीस केईव्ही, दोन्ही पीक एकमेकांत मिसळतात. सोर्स दुबळा असेल तर हा घोळ तुला दिसेल. प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर बॅकग्राउंड घे, आणि वहीत पाऊस होता की नव्हता हे लिही. लॅबच्या चिऱ्यांच्या भिंती, ग्रॅनाइटचा ओटा, यांच्यातूनही पोटॅशियम-४० आणि थोरियम मालिका येतच असते, ती जागा न बदलता मोजलंस तर आपोआप वजा होते. म्हणून डिटेक्टर हलवू नकोस.

काउंट किती वेळ घ्यायचे? मोकळ्या सोर्सचे दहा हजार आले म्हणजे त्रुटी एक टक्का. तेवढ्याच वेळात कॉलरमधून बाराशे येतील, तिथे त्रुटी तीन टक्क्यांच्या आसपास. तेव्हा कॉलर लावल्यावर वेळ वाढव, आकडा दहा हजारांजवळ जाऊ दे.

स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला ७५ केईव्हीच्या आसपास एक नवीन पीक दिसेल, घाबरू नकोस, ते शिशाचे स्वतःचे एक्स-रे. टंगस्टन वापरलंस तर ते ५९ ला दिसेल. आतल्या बाजूने मिलिमीटरभर तांब्याचा पत्रा गुंडाळलास की बरंच दबतं.

आणि सोर्स लॅबच्या रजिस्टरवर सही करूनच काढायचा, प्रिंटिंगच्या दुकानात किंवा घरी "जरा तपासून बघू" म्हणून न्यायचा नाही, कितीही छोटा असला तरी. अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम आहेत आणि तुझे गाइड त्याला उत्तरदायी आहेत.

फोंडा_फिजिक्स

मास्तर, ६०९ आणि ६६२ चं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. गाइडशी बोललो, फिलामेंटचा एकच स्पूल घेऊन चकत्या छापायच्या, ५, १०, १५ मिमीच्या, आणि तेवढ्याच जाडीच्या डब्या छापून छर्रे भरायच्या, दोन्हींची तुलना करायची, कॉलर मात्र छर्ऱ्यांची. शेवटचा प्रश्न मेकरदादांना: छर्रे खाली बसले तर वर रिकामी पट्टी राहील, म्हणून एपॉक्सी ओतून घट्ट करू का?

म्हापसा_मेकर

एकदम ओतू नकोस. एपॉक्सी घट्ट होताना तापते, जाड थर असला तर एवढी तापते की पीएलएचा खोका वाकडा होईल, आणि नंतर छर्रे परत काढताही येणार नाहीत. त्यापेक्षा थोडे थोडे भर, प्रत्येक वेळी खोका टेबलावर हलकेच आपट, पातळी उतरायची थांबली की पुढचे ओत. अगदी काठोकाठ भरून वर पातळ फोम ठेव आणि झाकण दाबून बसव, कडेने एमसील लाव.

भरण्याआधी आणि नंतर वजन कर. ७०० घनसेंमीत ५ किलो गेले तर तुझं पॅकिंग ६३ टक्क्यांच्या आसपास आहे. साडेचारच गेले तर अजून आपट. पण बाजारातले छर्रे शुद्ध शिशाचे नसतात, कडक करायला थोडं अँटिमनी घातलेलं असतं, म्हणून ११.३४ डोळे मिटून धरू नकोस, मापाच्या नळीत पाणी घेऊन मूठभर छर्ऱ्यांची घनता आधी काढ, हातमोजे घालून. ५ मिमीच्या डबीत छर्रे जेमतेम दोन थर बसतील, तिथे आकडा बिघडणारच, त्या डबीसाठी १ मिमीचे छर्रे बघ. डिझाइनची फाइल झाली की इथे टाक, खाचेची जागा आणि तळाची जाडी बघून सांगतो.